सोय कोणाची? साहाय्यक साधने आणि आपली शाळा

"शिक्षकांना नव्या तंत्रज्ञानाची सवय झाली पाहिजे" हे वाक्य हल्ली इतक्या व्यासपीठांवरून ऐकू येते, की त्याचा नेमका अर्थ काय, हे विचारणे कोणाला सुचत नाही. दृष्टिहीन, कर्णबधिर किंवा वाचताना अडखळणाऱ्या मुलांसाठी शाळेत साहाय्यक साधने येतात, त्यांचे प्रशिक्षण होते, प्रमाणपत्रे वाटली जातात आणि बऱ्याच ठिकाणी साधने कपाटात जातात. मग निदान केले जाते की, शिक्षकांना अजून सवय झालेली नाही. उपायही ठरलेला असतो : आणखी एक प्रशिक्षण.

आम्हाला हे निदान मान्य नाही. आमचा रोजचा व्यवहार उपकरणांशी असतो. प्रयोगशाळेत एखादे चांगले उपकरण न बिघडताच धूळ खात पडले, तर वापरणाऱ्यांना सवय नव्हती एवढ्यावर आम्ही थांबत नाही. ते कशासाठी घेतले होते, ते कोणत्या तत्त्वावर चालते, आणि आपण त्याला जे पुरवतो आहोत ते त्याला चालते का, हे प्रश्न आधी विचारतो. शाळेतल्या साहाय्यक साधनांबद्दल हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. प्रशिक्षणात कोणते बटण कधी दाबायचे ते सांगतात. ते बटण दाबल्यावर आत काय घडते, याबद्दल कोणी बोलत नाही.

या लेखात आम्ही दृष्टिहीन विद्यार्थ्यांपुरतेच बोलणार आहोत, कारण एका उदाहरणात खोलवर गेल्याशिवाय मुद्दा स्पष्ट होणार नाही. मुद्दा असा : साधन चांगले की वाईट हे ठरवताना आपण नकळत शिक्षकाची, म्हणजे डोळस माणसाची सोय मोजतो. ही चूक दोनशे वर्षे जुनी आहे, आणि ती संगणकाच्या युगातही तशीच चालू आहे.

पॅरिसमधील एक शाळा

अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७८५च्या सुमारास, व्हालांतँ आउई यांनी पॅरिसमध्ये अंध मुलांसाठी शाळा काढली. अंध मुलांना वाचायला शिकवता येते, हेच त्या काळात बहुतेकांना पटत नव्हते. आउई यांनी जाड कागदावर रोमन अक्षरे उठावाने छापली आणि मुलांना ती बोटांनी वाचायला शिकवली. हे काम थोर होते, यात शंका नाही. परंतु ती अक्षरे मुळात डोळ्यांसाठी घडलेली होती. त्यांची वळणे बोटाला लवकर उमगत नसत, पुस्तके अवजड होत, आणि महत्त्वाचे म्हणजे मुलांना त्या लिपीत स्वतः सहज लिहिता येत नसे. शिक्षकांना मात्र ती पुस्तके पाहताक्षणी वाचता येत.

लुई ब्रेल (जन्म १८०९) हा मुलगा १८१९ साली या शाळेत दाखल झाला. १८२१च्या सुमारास शार्ल बार्बिए यांनी शोधलेली ठिपक्यांची लिपी शाळेत आली. तिच्यात एका चिन्हासाठी बारा ठिपक्यांपर्यंतची जागा होती, त्यामुळे एक चिन्ह बोटाच्या टोकाखाली एका वेळी मावत नसे. ब्रेलने ठिपके सहावर आणले. सहा जागा, आणि प्रत्येक जागी ठिपका आहे किंवा नाही. म्हणजे दोनाचा सहावा घात, एकूण ६४ शक्यता. त्यातली एक कोरी सोडली तर ६३ चिन्हे. १८२९ साली त्याने ही पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा तो वीस वर्षांचा होता.

आता आपल्या विषयाशी थेट संबंध असलेला भाग. मुलांनी ही लिपी लगेच उचलली, कारण तिच्यात वाचता येत होते तसेच लिहिताही येत होते. मात्र १८४० साली संस्थेचे प्रमुखपद पिएर-आर्मां द्युफो यांच्याकडे आल्यावर तिच्या वापरावर बंदी आली. द्युफो दुष्ट नव्हते, आणि त्यांचा युक्तिवाद आजही कानाला बरा वाटेल असा होता. डोळस माणसांना न वाचता येणारी लिपी अंधांना दिली, तर ते समाजापासून तुटतील. म्हणून सर्वांना वाचता येईल अशीच लिपी त्यांनी वापरावी, असे त्यांचे म्हणणे होते. मुले ठिपके गुपचूप वापरत राहिली. पुढे द्युफो यांच्याच साहाय्यकाने त्यांचे मन वळवले आणि १८४४ साली संस्थेच्या नव्या इमारतीच्या उद्‌घाटनात ब्रेलचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. फ्रान्समध्ये ही लिपी अधिकृत झाली ती १८५४ साली. त्याआधी दोन वर्षे ब्रेल वारला होता.

या हकिकतीत शिक्षकांना 'सवय' नव्हती असे म्हणता येईल काय? आउईंच्या अक्षरांची त्यांना पूर्ण सवय होती. किंबहुना साधन त्यांच्या सवयीला साजेसेच होते, आणि अडचण नेमकी तीच होती.

ही गोष्ट केवळ अंधांपुरती नाही. १८८० साली इटलीतील मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. खुणांच्या भाषेपेक्षा ओठ वाचणे आणि बोलणे हीच पद्धत श्रेष्ठ, असा ठराव तिथे झाला. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्यानंतर अनेक देशांच्या शाळांतून खुणांची भाषा हद्दपार झाली. याच परिषदांच्या मालिकेतील व्हँकूवर येथील परिषदेने त्या ठरावाबद्दल औपचारिक खेद व्यक्त केला तो २०१० साली, म्हणजे तब्बल १३० वर्षांनी.

बोटाला काय कळते?

उठावाची अक्षरे का फसली, याचे कारण शरीरशास्त्रात आहे. बोटाच्या टोकावर दोन टोकदार वस्तू एकदम टेकवल्या, तर त्या दोन आहेत हे कळण्यासाठी त्यांच्यात साधारण २ मिलिमीटरचे अंतर असावे लागते. त्याहून जवळ आल्या तर त्या एकच भासतात. ब्रेलच्या चिन्हातील शेजारच्या दोन ठिपक्यांत सुमारे अडीच मिलिमीटर अंतर असते आणि ठिपक्याची उंची अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजे बोटाच्या संवेदनशक्तीच्या मर्यादेच्या अगदी जवळ, पण तिच्या आत, ही लिपी बसवलेली आहे. याउलट सलग वक्ररेषेचे वळण ओळखायला बोटाला ती रेषा पूर्ण फिरून पाहावी लागते.

हा प्रयोग वर्गात अवश्य करावा. एक केसाची पिन वाकवून तिची दोन टोके जवळ आणा. जोडीदाराने डोळे मिटून तर्जनीच्या टोकावर एक टोक लागले की दोन, हे सांगावे. अंतर मोजत मोजत मर्यादा काढा. मग तोच प्रयोग तळहातावर आणि दंडावर करा. आठवीच्या वर्गातील मुलांना ज्ञानेंद्रियांचा धडा यापेक्षा चांगल्या रीतीने शिकवता येणार नाही, आणि ब्रेल लिपी तशी का आहे, हेही त्यांना स्वतःच्या बोटाने कळेल.

याच कारणाने आकृतीला नुसता उठाव दिला की ती अंध विद्यार्थ्यासाठी 'सुलभ' झाली, असे समजणे चूक आहे. फुलाच्या आकृतीत दहा नावे, दहा बाण आणि एकमेकींना छेदणाऱ्या रेषा असतात. ते सगळे उचलून उठावाने छापले, तर बोटाखाली फक्त खडबडीतपणा येतो. त्यापेक्षा जास्वंदीचे खरे फूल हातात द्यावे. जिथे खरी वस्तू देता येत नाही, तिथे एका आकृतीच्या तीन साध्या आकृत्या कराव्यात. शिंप्याचे दातेरी चाक, रबराचा तुकडा आणि जाड कागद एवढ्या सामग्रीवर त्या होतात. कागद रबरावर पालथा ठेवून मागून चाक फिरवले, की पुढे ठिपक्यांची रेषा उठते. मागून काढताना आकृती डावी-उजवीकडे उलटी घ्यावी लागते, एवढे लक्षात ठेवावे.

दिसणारे अक्षर आणि साठवलेले अक्षर

आता संगणकाकडे येऊ. आज दृष्टिहीन विद्यार्थ्याचे मुख्य साधन म्हणजे स्क्रीन-रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. असे प्रोग्रॅम पूर्वी फार महाग होते. २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या तरुणाने 'एनव्हीडीए' हा प्रोग्रॅम लिहायला घेतला. तो मोफत मिळतो आणि मराठीही वाचतो. अँड्रॉइड फोनमध्ये तर 'टॉकबॅक' ही सोय बहुधा आधीपासूनच असते. म्हणजे साधन आता विद्यार्थ्याच्या खिशात आहे.

मग अडते कुठे? शिक्षकाने दिलेल्या प्रश्नपत्रिकेशी. पुष्कळ शाळांत प्रश्नपत्रिका सुबक देवनागरीत टंकलेली असते, पण तिची फाइल विद्यार्थ्याने उघडली की स्क्रीन-रीडर अगम्य काहीतरी बडबडू लागतो. "साधन बिघडले" असा शेरा मिळतो. साधन मुळीच बिघडलेले नसते. काय होते ते पाहू.

संगणक अक्षरे साठवत नाही, क्रमांक साठवतो. इंग्रजी कॅपिटल 'ए'चा क्रमांक ६५. देवनागरीसाठी भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली 'इस्की' ही संकेतपद्धती मान्य केली, आणि जगातील सर्व लिप्यांना सामावणाऱ्या युनिकोड पद्धतीत देवनागरीला २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक राखून ठेवले गेले. त्यात 'क' म्हणजे २३२५ आणि ऱ्हस्व वेलांटी म्हणजे २३६७.

परंतु नव्वदीच्या दशकात आपल्याकडे छपाईच्या कामासाठी वेगळाच मार्ग रूढ झाला. फाँट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे बसवले. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर इंग्रजीच राही. फक्त त्याला देवनागरीचा मुखवटा चढवलेला असे. तेव्हाच्या छपाईच्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी आणण्याचा हा सोपा उपाय होता, आणि ज्याचे शेवटचे रूप कागदच असणार त्या कामासाठी तो पुरेसाही होता. डोळा मुखवटा पाहतो. स्क्रीन-रीडर मात्र क्रमांक वाचतो, आणि त्याला मुखवट्यामागची इंग्रजी अक्षरांची खिचडी मिळते.

याहून सूक्ष्म फरक 'कि' या एका अक्षरात दिसतो. आपण उच्चार करताना आधी 'क' म्हणतो, नंतर 'इ'. लिहिताना मात्र वेलांटी 'क'च्या डावीकडे येते. जुन्या फाँटमध्ये वेलांटी आधी टंकावी लागे, म्हणजे साठवणूक दिसण्याच्या क्रमाने होई. युनिकोडमध्ये आधी २३२५, मग २३६७, म्हणजे साठवणूक उच्चाराच्या क्रमाने होते. वेलांटी डावीकडे नेऊन दाखवणे हे पडद्याचे काम.

आणि ब्रेलमध्ये? भारतीय भाषांसाठी १९५१च्या सुमारास ठरलेल्या 'भारती ब्रेल'मध्ये 'कि' लिहिताना आधी 'क'चे चिन्ह (ठिपके १ आणि ३) येते, मग 'इ'चे (ठिपके २ आणि ४). उच्चाराचाच क्रम! 'कमल' हा शब्द म्हणजे १-३, १-३-४, १-२-३. इंग्रजी ब्रेलमधील के, एम, एल यांची हीच चिन्हे आहेत, आणि कन्नड किंवा बंगाली ब्रेलमध्येही याच ध्वनींना हीच चिन्हे आहेत. डोळ्यांना वेगळ्या दिसणाऱ्या लिप्या बोटाखाली एक होतात, कारण ही पद्धत अक्षराच्या आकाराला न धरता ध्वनीला धरून आहे.

या सगळ्याचा धागा एकच आहे. आउईंची उठावाची अक्षरे आणि मुखवट्याचे फाँट एका बाजूला. ब्रेल आणि युनिकोड दुसऱ्या बाजूला. पहिल्या जोडीने लिखाणाचे रूप जपले, दुसरीने लिखाणाचा अर्थ जपला. साहाय्यक साधनाला नेहमी अर्थ लागतो, कारण त्यावरून ते हवे ते रूप स्वतः तयार करते : आवाज, ठिपके किंवा मोठा टाइप. नुसत्या रूपावरून अर्थ काढणे हे त्याला फार अवघड काम आहे. हे एवढे एक तत्त्व शिक्षकाला कळले, तर बटणांची यादी पाठ करावी लागणार नाही.

आपल्या फाइलची परीक्षा घेणे अगदी सोपे आहे. मजकुरातील एक ओळ निवडून तिचा फाँट बदला. देवनागरी देवनागरीच राहिली, तर तो युनिकोड. इंग्रजी अक्षरे दिसू लागली, तर मुखवटा. पीडीएफ फाइल असेल तर तिच्यात एखादा शब्द शोधून पहा. समोर दिसणारा शब्द शोधून सापडत नसेल, तर स्क्रीन-रीडरलाही तो मिळण्याची आशा कमी. अशा वेळी मूळ टंकलेली फाइल द्यावी. फळ्याचा किंवा हस्तलिखित गृहपाठाचा व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो हा तर निव्वळ रूपाचा मासला आहे. छापील मराठीचा फोटो वाचणारे प्रोग्रॅम आज मिळतात, पण घाईघाईत लिहिलेल्या हस्ताक्षरावर त्यांनी भरवसा ठेवावा असे आपले अक्षर असतेच असे नाही.

समीकरण कसे ऐकावे?

गणित आणि विज्ञान दृष्टिहीन मुलांना जमणार नाही, असे म्हणून त्यांना हे विषय सोडायला लावण्याची प्रथा फार दिवस चालत आली आहे. इथेही आम्हाला दोष विषयाचा वाटत नाही. आपल्या सांगण्याच्या रीतीचा वाटतो.

"सहा अधिक चार छेद दोन" असे आपण वर्गात सहज म्हणतो. फळा पाहणाऱ्याला ते कळते. पण ऐकणाऱ्याने काय समजावे? सहा अधिक चार या सगळ्याला छेद दोन असेल, तर उत्तर ५. सहा अधिक 'चार छेद दोन' असेल, तर उत्तर ८. फळ्यावर अपूर्णांकाची आडवी रेघ किती लांब आहे यावरून हा फरक डोळ्यांना कळतो. कानाला ती रेघ दिसत नाही. म्हणून बोलताना "अपूर्णांक सुरू, अंश सहा अधिक चार, छेद दोन, अपूर्णांक संपला" असे म्हणावे. दोन-तीन आठवड्यांत ते तोंडात बसते. अमेरिकेतील अब्राहम नेमेथ हे स्वतः अंध गणितज्ञ होते. त्यांनी १९५२ साली गणितासाठी ब्रेलची स्वतंत्र चिन्हपद्धती प्रसिद्ध केली, आणि गणित संदिग्धता न ठेवता मोठ्याने कसे वाचावे याचेही नियम बांधले.

या विषयातील एक महत्त्वाचे नाव आपल्या जवळचे आहे. टी. व्ही. रामन हे पुण्यात वाढले. चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुणे विद्यापीठातून गणिताची पदवी आणि मुंबईच्या आयआयटीतून पदव्युत्तर शिक्षण घेऊन ते अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेले. १९९४ साली त्यांनी डॉक्टरेटसाठी जो प्रोग्रॅम सादर केला, तो गणिती लेख आवाजात वाचून दाखवत असे. ते जमले, कारण रामन यांनी छापलेले पान घेतले नाही. गणितज्ञ आपले लेख ज्या 'लाटेक' पद्धतीने टंकतात, तीत अपूर्णांक कुठे सुरू होतो, त्याचा अंश कोणता, छेद कोणता, हे स्पष्ट नोंदलेले असते. प्रोग्रॅमने ती रचना वाचली. इथेही रूपाऐवजी अर्थ हाती लागला म्हणून साधन चालले.

विद्युतमंडलाच्या आकृतीलाही हेच लागू आहे. "आकृतीत दाखवल्याप्रमाणे जोडणी करा" हे वाक्य दृष्टिहीन विद्यार्थ्याला काहीच सांगत नाही. परंतु मंडल म्हणजे मुळात जोडण्यांची यादी असते : घटाचे धन टोक स्विचला, स्विचचे दुसरे टोक दिव्याला, दिव्याचे दुसरे टोक घटाच्या ऋण टोकाला, आणि दिव्याच्या दोन टोकांना व्होल्टमीटर. या चार वाक्यांत आकृतीतले सगळे विज्ञान आले. चित्र हे त्याचे एक रूप झाले.

असे वर्णन पुरेसे आहे की नाही, हे कसे ओळखावे? वर्गातील डोळस मुलांना पुस्तक मिटायला सांगा, आपले वर्णन वाचून दाखवा आणि त्यावरून आकृती काढायला सांगा. सगळ्यांच्या आकृत्यांत जोडण्या सारख्या आल्या, तर वर्णन चांगले. निम्म्यांनी व्होल्टमीटर एकसर जोडणीत लावला, तर दोष वर्णनात आहे, किंवा मुलांना मंडल अजून समजलेले नाही. दोन्ही गोष्टी शिक्षकाला कळायला हव्यातच. अलीकडे चित्राचे वर्णन आपोआप लिहून देणारे प्रोग्रॅमही आले आहेत. ते हाताशी असणे चांगले, पण आकृतीत कोणती गोष्ट महत्त्वाची आहे हे विषय शिकवणाऱ्याला ठाऊक असते. म्हणून त्यांचे वर्णन तपासल्याशिवाय मुलांना देऊ नये.

'ऐकता येते, मग ब्रेल कशाला?'

आता स्क्रीन-रीडरच्या उत्साहात नवी चूक होऊ लागली आहे. फोन सगळे वाचून दाखवतो, मग मुलांना ब्रेल शिकवण्याचा खटाटोप कशाला, असे काही ठिकाणी म्हटले जाते. हा युक्तिवाद आम्हाला द्युफो यांच्या युक्तिवादाच्या जवळचा वाटतो. ब्रेल न येणाऱ्या शिक्षकाची तो सोय करतो, म्हणून तो लवकर पटतो.

मराठीचेच उदाहरण घ्या. शब्दाच्या शेवटी येणारी इ-ई किंवा उ-ऊ आपण उच्चारात वेगळी काढत नाही. "पाणी" हा शब्द ऐकून तो ऱ्हस्व लिहायचा की दीर्घ हे कळत नाही. आपल्याला ते ठाऊक असते, कारण आपण तो हजारदा पाहिलेला असतो. ब्रेलमध्ये ऱ्हस्व इ म्हणजे ठिपके २-४ आणि दीर्घ ई म्हणजे ३-५. वाचणाऱ्या बोटाला फरक जाणवतो. फक्त ऐकून शिकलेल्या मुलाला शुद्धलेखन, विरामचिन्हे, परिच्छेद यांची ओळख कशी व्हावी? डोळस मुलांना आपण केवळ ध्वनिफिती ऐकवून साक्षर म्हणत नाही. तोच न्याय इथेही लावला पाहिजे. अंकगणितासाठी अजूनही टेलर फ्रेम उपयोगी पडते. तिच्या ताऱ्यासारख्या भोकात धातूचा खिळा आठ दिशांनी बसतो, आणि खिळ्याची दोन टोके वेगळी असल्याने एकूण सोळा चिन्हे होतात. उदाहरण मांडणे, हातचा ठेवणे आणि मागे जाऊन चूक शोधणे हे सगळे त्यावर बोटांनी करता येते. ऐकलेली आकडेमोड हवेत विरून जाते.

उलट बाजूनेही अशीच गफलत होते. स्क्रीन-रीडरचा यांत्रिक, भरभर बोलणारा आवाज ऐकून शिक्षक म्हणतात, "हे मुलांना काय कळणार? वेग कमी करा." सरावलेला दृष्टिहीन विद्यार्थी त्याच वेगाने ऐकतो, कारण त्याला आपल्यासारखेच नजर फिरवून पान पुढे न्यायचे असते. आवाज गोड आहे की नाही हा आपला प्रश्न आहे. त्याचा प्रश्न हा की, एका तासात किती पाने होतील.

कोणते साधन कधी वापरायचे हे ठरवताना विद्यार्थ्याचे म्हणणे पहिले असले पाहिजे. पुष्कळदा त्याला साधन शिक्षकापेक्षा चांगले येत असते. काही शिक्षकांना हे अवघड वाटते आणि आम्हाला ते समजते. वर्गात आपल्याला न येणारी गोष्ट मुलाला येणे ही आपल्या शाळांत रुळलेली गोष्ट नाही. परंतु साधन चालवण्याचे कौशल्य त्याचे आणि विषयाचे ज्ञान आपले, अशी वाटणी मान्य केली की बरेचसे दडपण जाते. शिक्षकाने बोटांनी ब्रेल वाचण्याची गरज नाही. ती वर्षानुवर्षांची साधना आहे. डोळ्यांनी ब्रेल वाचणे मात्र थोड्या दिवसांच्या सरावाने जमते, आणि मुलाने लिहिलेले उत्तर दुसऱ्या कोणाच्या मध्यस्थीशिवाय तपासता येते.

कायदा, वेळ आणि आपले हात

या कामी कायदा शिक्षकाच्या बाजूने आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एप्रिल २०१७पासून लागू आहे. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके, शैक्षणिक साहित्य आणि साहाय्यक साधने विनामूल्य देणे, आणि ब्रेल व खुणांची भाषा जाणणारे शिक्षक तयार करणे, ही जबाबदारी त्याने शासनावर टाकली आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीमुळे दिव्यांग व्यक्तीसाठी पुस्तकाचे सुलभ रूपांतर नफ्याचा हेतू न ठेवता करता येते. दृष्टिहीनांसाठीच्या पुस्तकांबाबतचा माराकेश करार मान्य करणारा भारत हा २०१४ साली जगातला पहिला देश ठरला. म्हणजे धडा युनिकोडमध्ये टंकून विद्यार्थ्याला देताना गुन्हा केल्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

वेळेचे काय, हा प्रश्न खरा आहे. पन्नास-साठ मुलांचा वर्ग, त्यात जनगणना, निवडणूक आणि रोजचे अहवाल. शिक्षकाने आणखी किती करावे? म्हणूनच आमची टीका शिक्षकांवर कमी आणि प्रशिक्षणाच्या आखणीवर जास्त आहे. दोन दिवसांत दहा साधनांची ओळख करून देण्याऐवजी एका दिवसात तीन गोष्टी शिकवाव्यात : युनिकोडमध्ये टंकणे, आकृतीचे वर्णन लिहिणे आणि समीकरण संदिग्धता न ठेवता वाचणे. शिकवणाऱ्यांत निदान एक जण ते साधन रोज स्वतःसाठी वापरणारा असावा. आणि प्रशिक्षणाच्या शेवटी शिक्षकांना किती सोपे वाटले याची प्रश्नावली भरून घेण्याऐवजी, त्यांनी तयार केलेले एक पान एखाद्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला वाचायला द्यावे. त्याला ते मदतीशिवाय वाचता आले का, एवढेच तपासावे. प्रशिक्षण यशस्वी झाले की नाही ते तिथेच कळेल.

कारण इथे पणाला लागले आहे ते मुलाचे स्वतःचे वाचन. प्रश्नपत्रिका दुसऱ्याने वाचून दाखवायची आणि उत्तर दुसऱ्याने लिहायचे, अशा रीतीने लेखनिकाच्या मदतीने मुले परीक्षा देतात, उत्तीर्णही होतात. लेखनिकाची सोय असलीच पाहिजे. परंतु ज्या मुलाने दहा वर्षांत एकही पान स्वतः वाचले नाही, एकही वाक्य स्वतः लिहून खोडले नाही, त्याच्या हाती प्रमाणपत्र येते तेव्हा शिक्षणातला फार मोठा भाग त्याच्या वाट्याला आलेलाच नसतो. पुढे महाविद्यालयात किंवा नोकरीत लेखनिक सोबत नसला की हे उघडे पडते.

शिक्षकमित्रहो, पुढच्या घटक चाचणीची प्रश्नपत्रिका आपण काढणारच आहात. ती युनिकोडमध्ये टंका, तिच्यातील प्रत्येक आकृतीखाली चार वाक्यांचे वर्णन लिहा, आणि छापण्याआधी फोनवरील वाचक प्रोग्रॅमला ती वाचू द्या. पडदा न पाहता ऐका. जिथे तुम्ही अडखळाल ती जागा दुरुस्त करा. वर्गात आज दृष्टिहीन विद्यार्थी नसला तरी करा. जूनमध्ये एखादा दाखल झाला, तर त्याची प्रश्नपत्रिका पहिल्या दिवसापासून तयार असेल.